पडद्याच्या मागून पाहिलेली बनवाबनवी

गेल्या महिन्यात लेकीकडे वाकडला चार दिवस राहून आले. तीन मुलींनी मिळून भाड्यानं घेतलेला फ्लॅट. सामान अजून लागायचं होतं. जमिनीवर गाद्या, एक इंडक्शनची शेगडी आणि खिडकीला पडदा म्हणून माझी जुनी सुती साडी. पहिल्या रात्री खिचडी खाऊन झाल्यावर त्यांच्यातली लातूरची मुलगी म्हणाली, "काकू... नाही, मावशी. मावशीच म्हणायचंय ना आता! मावशी, काहीतरी हसायचं बघू या." लेकीनं मिक्सरच्या रिकाम्या खोक्यावर लॅपटॉप ठेवला आणि ‘अशी ही बनवाबनवी’ लावला.

काकूची मावशी कशी झाले ते पुढे सांगते.

हा सिनेमा मी किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. पण पाट्यांपासून शेवटापर्यंत एका जागी बसून एकदाच पाहिला होता, १९९० च्या गणपतीत, कराडला. त्यानंतर टीव्हीवर नुसते तुकडे. पोळ्या लाटताना पंधरा मिनिटं, इस्त्री करताना दहा. कुकरची शिट्टी झाली की उठायचं. बँकेत डबा खाताना कुणीतरी त्यातलं एक वाक्य टाकायचं, दुसऱ्यानं पुढचं उचलायचं, एवढ्यावर आमचं भागत होतं. सत्तर रुपये आणि लिंबू कलरची साडी हे आमच्या शाखेत चलनी नाण्यासारखं चालायचं.

१९९० साली मी सोळा वर्षांची होते. सोमवार पेठेतल्या आमच्या गल्लीत गणपतीत रात्रीचे सिनेमे असायचे. समोरासमोरच्या दोन घरांच्या गॅलऱ्यांना दोऱ्या बांधून गल्लीच्या मधोमध पांढरा पडदा ताणायचे. सोळा एमएमचा प्रोजेक्टर मांडवापाशी. प्रोजेक्टरच्या बाजूला पुरुष आणि पोरं, पडद्याच्या मागच्या बाजूला बायका आणि आम्ही मुली. असं कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण दरवर्षी तसंच बसायचं. पडदा कापडाचा, त्यामुळे मागूनही चित्र दिसायचं, फक्त उलटं. पाट्या उलट्या, डावीकडचा माणूस उजवीकडे. मागच्या बाजूला अंधार जास्त, म्हणून बायका जरा मोकळ्या बसायच्या. पोती, सतरंज्या, ओट्यावर म्हाताऱ्या, मांडीवर झोपलेली बाळं आणि उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. वारा सुटला की पडदा फुगायचा. सुधीर जोशींचे गाल मुळातच गोबरे, ते आणखी फुगायचे आणि बायका पुन्हा हसायच्या. रीळ बदलताना दिवे लागायचे, तेवढ्यात आया आपापली पोरं मोजून घ्यायच्या.

त्या रात्रीची एक गोष्ट मला पक्की आठवते. साडी नेसलेला लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे सिनेमातली पार्वती, पडद्यावर आला तेव्हा त्याचा पदर उजव्या खांद्यावर होता. मला वाटलं, पुरुषानं साडी नेसल्यावर अशी चूक व्हायचीच आणि सिनेमावाल्यांनी ती गमतीसाठी मुद्दाम ठेवलीय. आईला म्हटलं, "बघ की, पदर चुकलाय त्याचा." मग नयनतारा आल्या, लीलाबाई काळभोर. त्यांचाही पदर उजवीकडे. आई म्हणाली, "अगं, पडद्याच्या मागं बसलोय आपण." कळलं, पण डोळ्यांत जे बसलं ते बसलंच. पस्तीस वर्षं माझ्या आठवणीतली पार्वती उजव्या खांद्यावर पदर घेऊनच वावरत होती. वाकडला ती समोर आली आणि पदर डाव्या खांद्यावर दिसला, तेव्हा मी सावरून बसले. मला वाटलं, हा सिनेमा आपण आज पहिल्यांदाच पाहतोय.

आणि खरंच तसं झालं. पहिल्या अर्ध्या तासातच लक्षात आलं की हा सिनेमा घर शोधण्याचा आहे. धनंजय माने, म्हणजे अशोक सराफ, हा भाडेकरू. धाकटा भाऊ शंतनू येतो, मग सुधीर येतो, परश्या येतो. घरमालक विश्वास सरपोतदार, म्हणजे सुधीर जोशी, घर सोडायला लावतात. चार तरणे पुरुष, पुण्यासारखं शहर, खोली कुणी देत नाही. लीलाबाईंकडे जागा आहे, पण त्यांना लग्न झालेली जोडपी हवीत. म्हणून परश्या धनंजयची बायको पार्वती होतो आणि सुधीर शंतनूची बायको सुधा. पुढचा सगळा गोंधळ, सगळी प्रेमप्रकरणं, सगळं हसू उभं आहे ते एका भीतीवर. डोक्यावरचं छप्पर जाईल, ही ती भीती. सोळाव्या वर्षी मला ती दिसलीच नाही. आमचं घर वाडवडिलांपासूनचं, कौलारू, गळकं, पण आमचं. घर ही मागावी लागणारी वस्तू असते हे मला चार वर्षांनी कळलं.

१९९४ मध्ये पुण्यात आले आणि कॉट बेसिस हा शब्द शिकले. सदाशिव पेठेत एका काकूंकडे एका खोलीत आम्ही चौघी. कॉटखाली ट्रंक, कॉटच्या वर दोरी, दोरीवर टॉवेल. संध्याकाळी साडेसातच्या आत दारात. आंघोळीला एक बादली, केस धुवायच्या दिवशी आधी सांगायचं. भाऊ भेटायला आला तरी त्यानं रस्त्यावरूनच बोलायचं. माझा भाऊ कराडहून आईनं दिलेलं मेतकूट घेऊन आला आणि फाटकाबाहेर उभं राहून पिशवी देऊन परत गेला, ते मला आजही सोसत नाही. पाच वर्षांत मी चार जागा बदलल्या. दर वेळी तीच ट्रंक आणि तीच रिक्षा. नव्या दारात उभं राहून आपण किती सालस आहोत हे चेहऱ्यावर दाखवायचं.

म्हणून आता मला त्या चौघांच्या धडपडीत गंमत दिसतेच, पण त्यामागची काकुळतही दिसते. अशोक सराफ लीलाबाईंसमोर ज्या आदबीनं उभे राहतात, तसं उभं राहायला मी शिकले होते.

ही कथा तीन शहरं फिरून आली आहे, हे मला पूर्वी माहीत नव्हतं. मूळ कथा बंगाली लेखक शैलेश डे यांची, ‘जय माँ काली बोर्डिंग’. त्यावरून हृषीकेश मुखर्जींनी १९६६ मध्ये हिंदीत ‘बीवी और मकान’ केला. बिस्वजीत आणि केश्टो मुखर्जी त्यात बाईच्या वेषात आहेत. मग १९८८ मध्ये सचिन पिळगांवकरांनी मराठीत आणला आणि लिहिला वसंत सबनीसांनी, ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारे तेच. कलकत्ता, मुंबई, पुणे. तिन्हीकडे एकट्या माणसाला खोली मिळत नव्हती, म्हणूनच ही गोष्ट तिन्हीकडे रुजली असं मला वाटतं. सबनीसांनी मात्र ती इतकी आपल्या मातीत लावली की उसनी वाटतच नाही. सरपोतदारांसारखा घरमालक मराठीतच जन्माला येऊ शकतो. त्यांच्या तोंडची भाषा, तो हिशेबीपणा, मधुमेहावरच्या इस्रायलच्या औषधाला भुलणं आणि मग पैसे गेले हे कळल्यावर झालेला तो चेहरा! सुधीर जोशी तिथे काही करत नाहीत, नुसते ऐकतात. ऐकता ऐकता माणूस आतून कसा कोसळतो ते आपण बघतो. लहानपणी मला ते दुष्ट वाटायचे. या वेळी सगळ्यात जास्त हसू मला त्यांचंच आलं, आणि सगळ्यात जास्त मायाही त्यांचीच.

घरमालकांचीही एक बाजू होती, ती बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासता तपासता मला कळत गेली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली होती. भाडेकरू एकदा आत आला की पिढ्यान्पिढ्या निघत नसे आणि वाड्याचे मालक पाच-दहा रुपये भाड्यात कौलं बदलायचे. त्यामुळे घरात कोण घ्यायचं याची त्यांना धास्तीच असायची. पुढे २००० पासून नवा कायदा लागू झाला, अकरा महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्सचे करार रुळले. मालकांची ती जुनी भीती त्यानंतर उरायला नको होती. पण उरली, नुसतं रूप बदललं.

अशोक सराफांबद्दल थोडं. ते नाटक-सिनेमात पूर्ण वेळ येण्याआधी स्टेट बँकेत नोकरीला होते. आम्हा बँकवाल्यांना याचा फार अभिमान. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या शाखेत कंदी पेढे वाटले होते, जणू आमच्यातल्याच कुणाला बढती मिळाली. या सिनेमात साडी नेसायचं काम त्यांच्या वाट्याला नाही. त्यांच्या वाट्याला आलंय ते खोटं सांभाळणं. एक थाप मारायची, ती टिकवायला दुसरी, दुसरीला आधार म्हणून तिसरी, आणि चेहऱ्यावर मात्र इस्त्री मोडू द्यायची नाही. माधुरीसमोर, म्हणजे अश्विनी भावेंसमोर, त्यांची जी तारांबळ होते तिला तर तोडच नाही. मालकीणबाई आणि नोकर या नात्यातून प्रेम कसं वर येतं ते बघण्यासारखं आहे. १९८८ सालच्या मराठी सिनेमात स्वतःचा धंदा स्वतः चालवणारी तरुण बाई, आणि त्याबद्दल तिला कुणी नावं ठेवत नाही! सोळाव्या वर्षी मला माधुरीची साडी आवडली होती, आज माधुरी आवडली.

लेकीच्या मैत्रिणींनी विचारलं, "हा शंतनू कोण? याला पुढे फार पाहिलं नाही." सिद्धार्थ रे, व्ही. शांतारामांचा नातू. २००४ च्या मार्चमध्ये गेला. त्याच वर्षी डिसेंबरात लक्ष्मीकांत बेर्डे गेले, पन्नाशीतच. २००५ मध्ये सुधीर जोशी. मी हे सांगितलं आणि खोलीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. समोर लक्ष्मीकांत साडीचा बोंगा सावरत पळत होता. मग नाशिकच्या मुलीला हसू आवरेना, आणि आम्ही सगळ्याच परत हसायला लागलो.

डोहाळजेवणाचं गाणं लागलं तेव्हा मात्र मी त्यांना आवाज वाढवायला सांगितला. ‘कुणीतरी येणार येणार गं’. माझ्या स्वतःच्या डोहाळजेवणात हेच गाणं टेपरेकॉर्डरवर लावलं होतं, आणि आमच्या घरातल्या पुढच्या प्रत्येक डोहाळजेवणात ते वाजलंय. खोट्या गरोदरपणाचं गाणं खऱ्या गरोदर बायकांच्या ओटीभरणात जाऊन बसलं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. लीलाबाई पार्वतीवर ज्या मायेनं जीव लावतात ती माया खरी आहे, म्हणून ते गाणं खरं वाटत असेल. गल्लीत त्या रात्री या गाण्याला पडद्यामागच्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला होता. सगळ्यात मोठ्यानं आत्या. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पदरानं टिपलं. शेंगांची टरफलं तिच्या ओच्यातून खाली सांडली.

आत्या म्हणजे आप्पांची मावसबहीण. आमच्या घरापासून तीन घरं सोडून एका वाड्यात तिची एक खोली होती. शिवणकाम करायची. आमचे परकर-पोलके, शाळेचे गणवेश सगळे तिच्याच मशीनवरचे. नवऱ्यानं सोडलेली होती. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिच्यासमोर कुणी बोलायचं नाही.

त्याच सिनेमात ‘नवऱ्यानं टाकलंय तिला’ हे वाक्य येतं. त्या रात्री पडद्याच्या पलीकडे पुरुषांच्या बाजूला हशा झाला. आमच्या बाजूचं हसू सुरू होता होता थांबलं. मी आत्याकडे पाहिलं. ती शेंग सोलत होती. दाणे काढले, शेजारच्या पोराच्या हातावर ठेवले, दुसरी शेंग घेतली. बाकी काही नाही. वाकडला तेच वाक्य आलं आणि तिन्ही मुली खळखळून हसल्या. त्यांना ते मोबाईलवरच्या गमतीतून माहीत, त्यांचा काय दोष. पण मला हसता आलं नाही. हा सिनेमा माझा फार लाडका आहे, आणि त्यातलं हे एक वाक्य मला नको आहे. दोन्ही तितकंच खरं.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, सिनेमा थांबवला, "काय झालं आई?" म्हणाली. मी आत्याची गोष्ट सांगितली. लातूरच्या मुलीनं विचारलं, "म्हणजे तुमच्या वडिलांच्या कुठल्या मावशीची मुलगी?" मला सांगता येईना. आप्पांच्या मावश्या सातारला, त्यांची सगळी मुलं मला नावानिशी माहीत. आत्या त्यांच्यात कुठेच बसेना.

आता मावशीचं सांगते. या फ्लॅटच्या आधी मुलींनी चौदा फ्लॅट पाहिले. तिघींना नोकऱ्या, तिघींचे पगार वेळेवर, डिपॉझिट द्यायला तयार. तरी जागोजागी एकच उत्तर, सोसायटीत बॅचलर चालत नाहीत. एका ठिकाणी टोकन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत केलं, कारण कमिटीनं हरकत घेतली. शेवटी एजंट मला फोनवर म्हणाला, "काकू, असं करू या. मुली मावसबहिणी आहेत म्हणून सांगा. तुम्ही स्वतः या, मालकांना भेटा. चार दिवस राहा. फॅमिली दिसली की प्रश्न मिटला."

मी गेले. मालक साठी ओलांडलेले, शांत गृहस्थ. त्यांनी चहा मागवला. मी म्हटलं, "ही माझी मुलगी आणि या दोघी माझ्या भाच्या." त्यांनी सहज विचारलं, "सख्ख्या बहिणीच्या का?" मी म्हटलं, "हो. ही लातूरच्या धाकटीची, ही नाशिकच्या थोरलीची." मला बहीण नाही. एक भाऊ आहे, तोच मेतकूटवाला. मालक म्हणाले, "वा, बहिणी-बहिणी एकत्र राहतायत, छान आहे." आणि करारावर सही केली. इतकी वर्षं बँकेत काढली, लोकांनी सांगितलेलं खरं की खोटं ते कागद लावून तपासत आले. त्या दिवशी स्वतः खोटं बोलून बाहेर पडले तेव्हा लिफ्टमध्ये माझे हात गार पडले होते. लेकीनं माझा हात धरला. लातूरची म्हणाली, "मावशी, थँक्यू." तेव्हापासून मी मावशी.

त्यामुळे धनंजय माने थाप मारून दाराबाहेर येतो आणि घाम पुसतो, तेव्हा तो घाम मला कळला.

त्या मालकांना फसवल्याचं मला वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी ते वर आले, मुलींना पाणी नीट येतं का विचारून गेले, प्यायच्या पाण्यासाठी माठ ठेवायला लोखंडी तिवई देऊन गेले. माणूस चांगला आहे. त्यांनी विचारलंच नसतं तर मला खोटं बोलावं लागलं नसतं. पण त्यांना विचारावं लागतं, कारण खाली कमिटी त्यांना विचारते.

सिनेमा संपायला साडेबारा झाले. मुली तिथेच गाद्यांवर झोपल्या. मला झोप लागेना. साडीच्या पडद्यातून रस्त्यावरचा दिवा आत येत होता आणि साडीची किनार भिंतीवर उमटली होती. आत्या कोण, हेच डोक्यात फिरत होतं.

सकाळी सातला आईला फोन केला. आई आता ऐंशीला आलीय, पण सहाला उठते. म्हटलं, "आई, आत्या आप्पांच्या नक्की कुठल्या मावशीची?"

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कुठल्याच नाही. कुणाची कोण नव्हती ती."

"म्हणजे?"

"मशीन डोक्यावर घेऊन आली होती एकटी. एकट्या बाईला कोण खोली देतंय? वाड्याचे मालक नाही म्हणाले. मग तुझे आप्पा गेले त्यांच्याकडे. म्हणाले, माझी मावसबहीण आहे, जबाबदारी माझी. मिळाली खोली."

"मालकांना कधी कळलं नाही?"

"कळलं असंल की. गाव केवढं. पण विचारलं नाही त्यांनी, आणि आम्ही सांगितलं नाही."

"आम्हाला तरी सांगायचंस."

"काय सांगायचं?" आई म्हणाली. "दर भाऊबीजेला ओवाळत होती की त्यांना. आणि ते जाईपर्यंत."

मला पुढे काही विचारता आलं नाही. तिकडे आईच्या मागे नळाला पाणी आल्याचा आवाज येत होता, तिला बादली लावायची होती.

"ठेवते," ती म्हणाली. "आणि पोरींच्या खिडकीला पडदे घे आता. साडी किती दिवस लावून ठेवणार?"